नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

आमच्या ईडन प्रेरीतून हायवे पाचने पश्चिमेला चॅनहॅसनकडे निघालात, की वाटेत एक जांभळी पाटी लागते. २०२३ च्या मे महिन्यात मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी जांभळ्या शाईने सही करून या रस्त्याच्या सुमारे सात मैलांच्या तुकड्याला प्रिन्स रॉजर्स नेल्सन याचं नाव दिलं. तुम्ही कधी आमच्याकडे पाहुणे म्हणून आलात, तर चहा-पोहे झाल्यावर आम्ही तुम्हाला याच रस्त्याने पेस्ली पार्क दाखवायला नेऊ. पांढरी, ठोकळ्यासारखी, बाहेरून एखाद्या गोदामासारखी दिसणारी इमारत. तिथे प्रिन्सने वर्षानुवर्षं गाणी केली आणि २१ एप्रिल २०१६ ला तिथेच तो गेला. पाहुणे ‘पर्पल रेन’ची आठवण काढतात, फोटो काढतात, आणि थंडी फारच असली तर गाडीत बसूनच नमस्कार करतात.

प्रिन्सच्या दुसऱ्या अल्बमबद्दल मात्र आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर मीही तो कधी धड ऐकला नव्हता. गेल्या हिवाळ्यात कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलगी मिनियापोलिसच्या ‘इलेक्ट्रिक फीटस’ या रेकॉर्डच्या दुकानातून त्याची जुनी तबकडी घेऊन आली. (जाण्याआधी पाचच दिवस प्रिन्सही या दुकानात रेकॉर्ड घ्यायला येऊन गेला होता.) निळ्या पार्श्वभूमीवर उघड्या अंगाचा, मोठ्या केसांचा एक पोरगा, आणि वर नाव फक्त ‘प्रिन्स’. मी म्हटलं, “आणायचाच होता तर पहिला आणायचास ना.”

ती म्हणाली, “आई, तुम्हाला सगळ्यांना पहिल्याचंच कौतुक. पहिला स्नो, पहिली गाडी, दोन सुटकेसेस घेऊन आलो ते. दुसऱ्या वर्षी काय झालं, ते कुणी सांगतच नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीच आठवून बघा. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांमध्ये, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, आपण सांगतो त्या गोष्टी बहुतेक पहिल्या वर्षाच्याच असतात. दुसऱ्या वर्षी नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात. कौतुक करणारे आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि जे काही उसनं घेतलं ते फेडायची वेळ आलेली असते. प्रिन्सचा दुसरा अल्बम नेमक्या अशाच वेळी झाला. तो मी त्या सुट्टीत आणि नंतर पुष्कळदा ऐकला. लोक त्याला दोन मोठ्या अल्बमांच्या मधली पायरी समजतात आणि ओलांडून जातात. माझ्या मते ती ओलांडण्याची जागा नाही.

आधी थोडा हिशेब. प्रिन्सचा जन्म मिनियापोलिसचा, १९५८ चा. वडील जॉन नेल्सन जॅझ पियानिस्ट. रंगमंचावर ते ‘प्रिन्स रॉजर्स’ हे नाव लावत आणि तेच त्यांनी मुलाला ठेवलं. आईही गात असे. आईवडील वेगळे झाल्यावर मुलाची फरफट झाली, आणि अखेर आंद्रे सायमोन या मित्राच्या घरच्या तळघरात त्याला आसरा मिळाला. १९७७ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने त्याच्याशी तीन अल्बमांचा करार केला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने अट घातली की निर्मिती मीच करणार. त्या वयाच्या नवख्या मुलाला कंपन्या असलं स्वातंत्र्य देत नसत. वॉर्नरने देखरेखीला एक जाणता माणूस बसवून ते दिलं.

त्या स्वातंत्र्याचं या मुलाने काय केलं? कॅलिफोर्नियात सॉसालिटोच्या महागड्या स्टुडिओत ऑक्टोबर १९७७ पासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मुक्काम ठोकला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली (वेष्टनावर सत्तावीस वाद्यांची यादी आहे), आणि तीन अल्बमांसाठी ठरलेले सुमारे एक लाख ऐंशी हजार डॉलर जवळजवळ सगळे एका अल्बमवर उडवले. ‘फॉर यू’ एप्रिल १९७८ मध्ये आला आणि बिलबोर्डच्या यादीत १६३ व्या क्रमांकाच्या वर चढला नाही.

‘फॉर यू’ वाईट नाही. पण ऐकताना मला पहिल्यांदाच घरी पाहुणे जेवायला बोलावणाऱ्या नव्या संसाराची आठवण येते. दोन भाज्या, तीन कोशिंबिरी, पुलाव, पुरणपोळी आणि वर गुलाबजाम. पहिल्याच गाण्यात वाद्य एकही नाही. स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवलेले. करता येतं ते सगळं त्याने करून दाखवलं आहे. गाणारा किती हुशार आहे हे अर्ध्या तासात कळतं, आणि गाणं मात्र मनात एखाददुसरंच उरतं.

त्यानंतरची जानेवारी १९७९ ची गोष्ट मला अल्बमइतकीच महत्त्वाची वाटते. उत्तर मिनियापोलिसमधल्या कॅप्री थिएटरात प्रिन्सने आपला बँड घेऊन पहिले जाहीर कार्यक्रम केले. गावातली माणसं ऐकायला आली होती, आणि कॅलिफोर्नियाहून वॉर्नरचे अधिकारीही. बघून त्यांचं मत पडलं की हा अजून दौऱ्यावर पाठवण्याजोगा तयार नाही. म्हणजे बघा, पहिला अल्बम विकला गेला नव्हता, पैसे संपले होते, दौरा नाकारला गेला होता. हातात होता तो दुसरा अल्बम.

तुम्हाला इथे बालगंधर्व आठवले तर नवल नाही. गंधर्व नाटक मंडळीत भरजरी शालू, उंची अत्तरं, कशालाच काही कमी पडू दिलं नाही. त्यात मंडळी कर्जात बुडाली, आणि नारायणरावांनी हात वर न करता ते गाऊन फेडायचं ठरवलं. रसिकांनी या गोष्टीकडे नेहमी कारुण्याने पाहिलं आहे. प्रिन्सच्या बाबतीत मला उलटं दिसतं. कर्जाने त्याच्या गाण्याला शिस्त लावली.

१९७९ च्या एप्रिल ते जूनमध्ये त्याने बरबँकच्या अल्फा स्टुडिओत, एका लहानशा जागेत, हा अल्बम उरकला. काही काम पुढे हॉलीवूडच्या दुसऱ्या स्टुडिओत झालं. निर्मिती, रचना, वादन, गायन पुन्हा एकट्याचंच. यावेळी देखरेखीचा माणूस नव्हता. गाणी नऊ, वेळ चाळीस मिनिटांच्या आसपास.

पहिलं गाणं ‘आय वॉना बी युवर लव्हर’ हेडफोन लावून ऐका. ड्रम्स कोरडे, घोटीव. गिटार सूर धरून ठेवत नाही, नुसती खरवडल्यासारखी तालाच्या फटीत वाजते. त्या काळच्या नाचाच्या गाण्यांत जिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा असायचा आणि मागे व्हायोलिनांचे ढग, तिथे इथे सिंथेसायझरची एखादी सुटसुटीत ओळ. पुढे ज्याला ‘मिनियापोलिस साउंड’ म्हणू लागले, त्याची ओळख इथे पटते. पहिल्या अल्बमवर सत्तावीस वाद्यं मिरवणारा मुलगा इथे प्रत्येक वाद्याला जणू विचारतो आहे, तुझी गरज आहे का? आणि तीन मिनिटांनी गाणं संपलं असं वाटतं तेव्हा तो गायचं थांबवतो आणि जवळजवळ तितकाच वेळ नुसता ठेका चालू ठेवतो. रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीत हा भाग छाटला आहे. अल्बमवरचंच ऐका. मैफलीत ख्याल संपल्यावर तबलजीला मोकळं सोडावं, तसा हा भाग आहे. फरक इतकाच, की इथे तबलजीही तोच.

आता आवाजाबद्दल. संपूर्ण अल्बम त्याने वरच्या, पातळ, बायकी म्हणावा अशा आवाजात गायला आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी मित्रांना हाच आवाज खटकतो. “पुरुषासारखा गात का नाही?” असं एकाने मला स्पष्ट विचारलं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राने हा प्रश्न विचारावा याची मला गंमत वाटते. नारायणरावांचा गळा आणि प्रिन्सचा हा चोरटा वरचा सूर यांचं तंत्र वेगळं आहे, हे मान्य. पण पुरुषाच्या गळ्यातून आलेलं मार्दव ऐकून आपल्या पणज्यांनी नऊवारी नेसण्याची तऱ्हा बदलली, ते काही उगाच नव्हे. प्रिन्सच्या त्या आवाजात आर्जव आहे, आणि आर्जव करणाऱ्याला आवाज चढवून चालत नाही.

दोष सांगितले नाहीत तर तुम्ही म्हणाल, गाववाल्याची तरफदारी चालली आहे. तर संथ गाण्यांत हा अल्बम ढिला पडतो. ‘व्हेन वी आर डान्सिंग क्लोज अँड स्लो’ आणि ‘विथ यू’ ही दोन्ही गाणी साखरेच्या पाकात जरा जास्तच वेळ राहिली आहेत. चाली गोड आहेत, पण त्या कुणीही केल्या असत्या. शेवटचं ‘इट्स गॉना बी लोनली’ त्यातल्या त्यात बरं. त्यात एकटेपणा खरा वाटतो. ‘सेक्सी डान्सर’मध्ये शब्द जवळजवळ नाहीतच, नाचाच्या मजल्यावर ते चालतं, घरी बसून ऐकताना पियानो आला की जीव येतो.

सगळ्यात अवघड प्रश्न ‘बँबी’चा. गिटार ऐकाल तर कान टवकारतील: कर्कश, बेफाम रॉक, हेंड्रिक्सचं नाव घ्यावं असं. शब्द ऐकाल तर कपाळाला आठी पडेल. एका बाईला दुसरी बाई आवडते, आणि हा तिला पुरुषाचं प्रेमच कसं बरं ते पटवू पाहतो. मुलगी म्हणाली, “हे गाणं मी वगळते.” मी म्हटलं, वगळू नको, एकवीस वर्षांच्या मुलाची घमेंड त्याच्या कलेत कशी सांडते ते ऐकून ठेव. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

पण ‘बँबी’ अल्बमवर आहे यामागे एक कारण आहे, आणि ते आपल्यासारख्यांनी समजून घेण्याजोगं आहे. तेव्हाच्या मिनियापोलिसमध्ये काळ्या लोकांची वस्ती थोडी. त्यांचं संगीत लावणारं रेडिओ स्टेशन कमी ताकदीचं, सूर्य मावळला की बंद होणारं. रात्री ऐकायचं तर गोऱ्यांचं रॉक. प्रिन्सच्या पिढीचे कान असे दोन्हीकडच्या सुरांवर वाढले. कंपन्यांचे कप्पे मात्र पक्के होते: काळा गायक म्हणजे सोल, सोलचा विभाग वेगळा, यादी वेगळी. मला या कप्प्यात घालू नका, हे तो वॉर्नरला पहिल्यापासून बजावत होता. त्याच्या बँडमध्येही काळे-गोरे, स्त्री-पुरुष एकत्र होते. अल्बमच्या एका बाजूला निखळ नाचाचं गाणं, दुसऱ्या बाजूला कान बधिर करणारी गिटार, आणि ‘स्टिल वेटिंग’मध्ये चक्क कंट्रीची झाक. तुम्हाला कधी ऑफिसात फक्त दिवाळीच्या कार्यक्रमाच्या वेळीच कुणी आवर्जून बोलावलं असेल, तर कप्पा म्हणजे काय ते मी सांगायला नको.

वेळही वाईट होती. १२ जुलै १९७९ ला, म्हणजे प्रिन्सचं ध्वनिमुद्रण संपून महिनाही झाला नसेल, शिकागोच्या कमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला गेला. लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या संतापात संगीताची नावड किती आणि काळ्यांच्या, समलिंगी लोकांच्या नाचघरांचा तिटकारा किती, यावर आजही वाद होतो. अशा उन्हाळ्याच्या अखेरीला, ऑगस्टमध्ये, एका अनोळखी काळ्या मुलाचं नाचाचं गाणं बाजारात आलं.

ते चाललं. सोलच्या यादीत पहिलं, सर्वसाधारण यादीत अकरावं. १९ ऑक्टोबरला अल्बम आला, तो बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्याला प्लॅटिनमचा शिक्का मिळाला. अमेरिकेत त्याचा अर्थ दहा लाख प्रती. वाजत-गाजत आलेल्या पहिल्या अल्बमने जे केलं नाही, ते काटकसरीच्या दुसऱ्याने केलं.

२६ जानेवारी १९८० ला ‘अमेरिकन बँडस्टँड’ या टीव्ही कार्यक्रमात तो आला. सूत्रसंचालक डिक क्लार्क यांना नवल वाटलं ते असलं संगीत मिनियापोलिससारख्या ठिकाणाहून येतं याचं. प्रिन्सने त्यांच्या प्रश्नांना एका-एका शब्दात उत्तरं दिली, आणि ‘किती वर्षांपूर्वी’ या प्रश्नाला नुसती चार बोटं दाखवली. तो लाजाळूपणा होता की ठरवून केलेला अबोला, हे तुम्ही चित्रफीत बघून ठरवा. मला त्यात दिसतो तो आमच्या गावाचा राग. असल्या ठिकाणी असलं काही होतं का, हा प्रश्न ज्यांनी सांगलीत, मालवणात किंवा मिनेसोटात राहून काही केलं आहे, त्या सगळ्यांनी ऐकलेला असतो.

आणि यश मिळाल्यावर तो इथेच राहिला. पुढचा ‘डर्टी माइंड’ त्याने मिनियापोलिसच्या पश्चिमेला घरातच केला. मोठा झाल्यावर आमच्या ईडन प्रेरीतल्या फ्लाइंग क्लाउड ड्राइव्हवरच्या एका गोदामात तालमी केल्या, आणि १९८७ मध्ये पेस्ली पार्क उभं केलं. जाणकार ‘डर्टी माइंड’ला डोक्यावर घेतात, कारण त्यात धाडस आहे. मान्य. पण ते धाडस करायला परवानगी कुठून आली? कंपनीची उधारी फिटली म्हणून. ‘माझं मी बघतो’ हे ज्याने एकदा निभावून दाखवलं, त्यालाच दुसऱ्यांदा म्हणता येतं.

या अल्बममधलं एक गाणं तर पाच वर्षं गपचूप बसून होतं. दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं, ‘आय फील फॉर यू’. प्रिन्सने ते हलक्या हाताने, जवळजवळ पुटपुटत गायलं आहे. १९८४ मध्ये चाका खानने तेच गाणं मेली मेलचं रॅप आणि स्टीव्ही वंडरचा माउथ ऑर्गन घेऊन गायलं आणि ते अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. गीतकार म्हणून प्रिन्सला ग्रॅमी मिळालं. दोन्ही लागोपाठ ऐका. चाका खानचं मोठं आहे, झगझगीत आहे. पण चालीत इतकी जागा होती, म्हणून तर इतकं सामान मावलं. २०१९ मध्ये प्रिन्सच्या वारसांनी याच गाण्याचा नुसत्या गिटारवर गायलेला कच्चा खर्डा प्रसिद्ध केला. तेवढ्यावरही ते गाणं नीट उभं राहतं.

राहता राहिलं नाव. पहिल्या अल्बमचं नाव ‘फॉर यू’, म्हणजे ‘तुमच्यासाठी’. स्वतःचं नाव त्याने दुसऱ्याला दिलं. सहसा उलटं होतं. लोक पहिल्याच पुस्तकावर, पहिल्याच दुकानावर आपलं नाव घालतात. वडिलांकडून मिळालेलं हे नाव पुढे १९९३ मध्ये वॉर्नरशी भांडणात त्याने टाकून दिलं, जागी एक न उच्चारता येणारं चिन्ह घेतलं, आणि काही वर्षांनी नाव परत धारण केलं. कंपनीचं देणं आणि स्वतःचं नाव, हा झगडा त्याने जन्मभर केला. १९७९ मध्ये मात्र त्याने देणं चुकतं केलं आणि नाव लावलं.

आपल्याकडेही हे होतं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ तुमच्यापैकी कितीजणांच्या सामानातून कॅसेट होऊन इथे आला असेल! ‘सांज गारवा’ किती जणांनी आणला? तो कमी होता की आपलं कौतुक संपलं होतं, हे मी तरी कधी तपासून पाहिलं नव्हतं. आता परत ऐकते आहे.

मुलीला मी शेवटी दुसऱ्या वर्षाचं सांगितलं. नोकरी टिकेल की नाही याची धास्ती, गावाकडे पाठवायचे पैसे, आणि नळाखाली भांडी घासताना एक दिवस अचानक लक्षात आलेलं, की आज महिनाभर कुणालाही फोनवर ‘इथे किती थंडी आहे’ असं सांगितलेलं नाही. गोष्ट काही फार रंगली नाही. पण तिने मध्ये फोनकडे पाहिलं नाही.

पुढच्या वेळी आमच्याकडे आलात, तर पेस्ली पार्कला जरूर नेईन. जाताना गाडीत पहिलं गाणं पूर्ण लावीन, शेवटचा नुसत्या ठेक्याचा भागही. आमच्या घरापासून तिथे पोचेपर्यंत ते संपतं आणि दुसरं सुरू होतं.